पाचवा वाटा

मध्यान्ह टळली, खळ्यातल्या मधल्या खांबाची, तिवड्याची, सावली पुन्हा लांबू लागली, तरी वारा सुटला नाही. मळून झालेली जवाची रास, दाणा आणि भूस एकमेकांत कालवलेली, खळ्याच्या मध्यभागी तशीच पडून होती. आणि खळ्याच्या पश्चिम काठावर, जिकडून आमच्या तिझगीन गावाला परमेश्वराने वारा दिलेला आहे, तिथे जिन बसले होते.

ते युद्ध हरलेले जिन होते. काळ्या डोंगरावर त्यांच्या राजाचा आणि सुलतानाच्या सैन्याचा जो महासंग्राम वसंत ऋतूत झाला, त्याची कवने आता शहराशहरांतून गायली जातात असे ऐकतो. आमच्यापर्यंत ती कवने पोचली नाहीत. जाताना सैन्य आमच्या वाटाण्याच्या वाफ्यांतून गेले, येताना आमच्या गावातल्या बास्सू शेतकऱ्याचे धडधाकट खेचर घेऊन गेले. आणि ते गेल्यावर पराभूतांपैकी काही जण डोंगर उतरून आले आणि बास्सूच्याच खळ्यावर बसले. अग्नीपासून जन्मलेल्यांना अन्नाहून वारा अधिक लागतो. निखाऱ्यालाही तो लागतोच. त्यातही जे जखमी असतात ते वारा घटाघटा पितात. टेकडीच्या माथ्यावरचे ते उघडे, वर्तुळाकार, चोपून गुळगुळीत केलेले स्थान त्यांना मानवले. दरीतून वर येणारा प्रत्येक झोत ते काठावरच गिळून टाकीत. राशीपर्यंत एक झुळूकही पोचत नसे.

त्यांना आम्ही नावाने संबोधत नाही. ‘पलीकडचे’ म्हणतो.

“गेले का गं?” इज्जाने चढावरूनच विचारले. बास्सूची ही वृद्ध माता पाण्याचे मडके कमरेवर घेऊन, श्वास घेत घेत वर येत होती.

“कुठे जातायत, सासूबाई! बसलेत. जावयासारखे.”

“मग तू काय करतेयस?”

“मी त्यांच्याकडे बघतेय. ते माझ्याकडे बघतायत. असा दिवस चाललाय.”

उत्तर देणारी तूदा ही बास्सूची पत्नी. वय चाळिशीपार, उंच, हाडापेराने थोराड. तिच्या मानेवर आणि काखेत जवाची कुसळे रुतून लाल चट्टे उठले होते आणि घामाने ते चुरचुरत होते. या वर्षी मळणीने सर्वांचा अंत पाहिला होता. खेचर गेल्यामुळे म्हातारे गाढव आणि शेजारून मागून आणलेली गाय अशी विजोड पात तिवड्याभोवती फिरवावी लागली. गाढव थांबले की गाय थांबे, आणि गाय थांबली की गाढव मागे वळून तिच्याकडे असे पाही, जणू अपराध तिचाच. बास्सूची कंबर नांगरणीपासून धरलेली. त्यामुळे पातीमागे तूदा आणि तिची उपवर कन्या तामू याच आलटून पालटून चालल्या. आणि एवढे सोसून मळलेली ती रास आता उफणून भूस वेगळे करायला वारा नाही म्हणून अडली होती.

दररोज दुपारी काळ्या डोंगरावर ढग जमत होते. उन्हाळ्याच्या अखेरीचा तो पाऊस आमच्याकडे क्वचितच येतो, पण येतो तेव्हा दगड वाहून नेतो. भिजलेल्या राशीला आतून ऊब सुटते, मोड फुटतात, मग तिला जनावरही तोंड लावीत नाही. गेल्या वर्षीचे पीक टोळांनी नेले होते. कणगीचा तळ दिसू लागून बरेच दिवस झाले होते आणि घरात रानपाला उकडून खाणे चालले होते. पुढच्या सुगीपर्यंत चार जिवांचे जे काही अन्न होते ते या राशीत होते. अन्यत्र कुठेही नव्हते.

इज्जाने मडके खाली ठेवले आणि काठाकडे पाहिले. पलीकडचे आपापल्या जखमा वाऱ्याकडे धरून पडले होते. त्यांच्यातला सर्वांत मोठा, ज्याची अर्धी पाठ करपून काळी पडली होती, तो गुडघ्यांत मान घालून बसला होता.

“मौलवींना बोलवा,” इज्जा म्हणाली. “एवढी वर्षं त्यांना लोणी देतोय ते कशासाठी?”

*

मौलवी सी लहसन हे सत्त्वशील गृहस्थ. गुडघेदुखीमुळे ते गाढवावर बसून वर आले. खळ्याच्या पूर्व काठावर त्यांनी चादर अंथरली, घसा साफ केला आणि धीरगंभीर स्वरात पठण आरंभिले. त्यांचा स्वर आजही शुद्ध होता. दरीतल्या शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या. पठण संपले, आणि पश्चिम काठावरून, ओल्या लाकडाने पेट घ्यावा तशा आवाजात, पलीकडच्या सर्वांनी एकदम म्हटले, “आमीन.”

सी लहसन निश्चल झाले.

“हे आमीन म्हणतायत,” बास्सू कुजबुजला.

“ऐकलं मी.”

“मग आता?”

“आता काय? धर्मबंधू निघाले. सैतान असता तर हाकलला असता. धर्मबंधूला खळ्यावरून कोणत्या तोंडानं हाकलू? उद्या मशिदीत पहिल्या रांगेत येऊन बसले तर मलाच सरकून जागा द्यावी लागेल.”

“सी लहसन, माझे जव कुजतील.”

“मी दुआ करतो.”

“कुणासाठी?” तूदाने विचारले. “आमच्यासाठी का त्यांच्यासाठी?”

“बाई, रागाच्या भरात माणसानं प्रश्न विचारू नयेत.” मौलवींनी चादर झटकली आणि दोघांच्या आधाराने ते गाढवावर चढले. तिथल्या तिथे वळताना गाढवाने राशीतला एक घास ओढला. कुणी त्याला काही बोलले नाही. मौलवींचे वाहन होते.

मग इज्जाने स्वतःचा उपाय केला. घरातले सगळे मीठ तिने पदरात आणले आणि पश्चिम काठावर ओळीने टाकले. पलीकडच्यांना मीठ सोसत नाही हे खरेच आहे. ते उठले, जखमींना हात देऊन उठवले, आणि खळ्याबाहेरच्या दगडी बांधावर, मिठाच्या ओळीपासून वीतभर अंतर राखून, पुन्हा तसेच पश्चिमेला बसले. वारा तिथेही त्यांनाच आधी मिळत होता. तामूने राशीत विळे खोचले. लोखंडाचेही त्यांना भय असते. त्या करपलेल्याने विळ्यांकडे पाहिले आणि जांभई दिली. काळ्या डोंगरावर तलवारी पाहून आलेल्याला विळ्याचे काय!

त्या दिवशी रानपाला अळणी खावा लागला. ताटावर बसल्यावर बास्सू म्हणाला, “आई, अर्धं तरी ठेवायचं होतंस,” आणि इज्जा म्हणाली, “तुझ्या बापानं कधी ताटावर तोंड उघडलं नाही.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलतानाचा सरदार आला. युद्धानंतर मुलूख निर्वेध झाला आहे की नाही याची पाहणी करीत तो गावोगाव फिरत होता. त्याच्या ढालीवर चांदी होती आणि घोड्याच्या आयाळीत लाल गोंडे. मागे चार स्वार होते. बास्सूला आशा वाटली. घाईघाईने तो पुढे झाला आणि कंबर धरूनच झुकला.

“या टापूत जिन आहेत का?” सरदाराने विचारले.

“आहेत, मालक. ते काय, वर बसलेत.”

सरदाराने टेकडीकडे पाहिले. त्याला ते दिसले. त्याच्या घोड्याला तर आधीच दिसले होते, त्याने कान मागे टाकले होते आणि तो जागच्या जागी नाचत होता. सरदाराने दृष्टी शांतपणे वळवली.

“सुलतानांनी जाहीर केलंय की राक्षसांचा निःपात झाला. निःपात झाल्यावर मागं काय उरतं?”

“हे उरतात, मालक.”

“म्हणजे सुलतान खोटं बोलतात?”

“नाही, नाही! सुलतान कशाला खोटं बोलतील? मला फक्त जव उफणायचेत.”

“मग उफण की! अडवलंय कुणी?”

“त्यांनीच—”

“कुणी?”

बास्सूने तूदाकडे पाहिले. तूदा जमिनीकडे पाहत होती.

“मोठ्यानं सांग,” सरदार म्हणाला. “माझ्या माणसांना ऐकू जाऊ दे. इथं जिन नाहीत.”

“इथं जिन नाहीत,” बास्सू म्हणाला.

“आणखी मोठ्यानं.”

“इथं जिन नाहीत!”

टेकडीवरून कुणीतरी हसले. चुलीत ओली फांदी फुटावी तसा तो आवाज आला. घोडा दोन पायांवर उभा राहिला. सरदाराने लगाम खेचला आणि जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने जेवणाची चौकशी केली.

घरात एकच अंडी घालणारी कोंबडी होती. तामूने ती कापली, तूदाने सोलली. मीठ नव्हते, तेव्हा सरदाराने पहिल्या घासालाच तोंड वेडेवाकडे केले आणि विचारले की, या गावात पाहुण्याला असेच खाऊ घालतात काय. तरी त्याने हाडे चोखून पुसून ठेवली. निघताना रिकिबीत पाय घालण्यासाठी त्याने बास्सूचा खांदा मागितला. बास्सू खाली बसला. सरदार चढला. बास्सूला मात्र पुन्हा उठता येईना. तामूला आणि इज्जाला दोन्ही काखांत हात घालून त्याला उठवावे लागले, आणि हे सर्व त्या चार स्वारांनी मागे वळून पाहिले.

तूदाच्या हातांना अजून कोंबडीची पिसे चिकटलेली होती. तिने काळ्या डोंगराकडे पाहिले. ढग आज सकाळीच जमले होते आणि त्यांचा तळ शाईसारखा झाला होता.

“कुठे चाललीस?” इज्जाने विचारले. “दुपार भरतेय! ही त्यांची वेळ आहे. या वेळी खळ्यावर कुणी जात नाही!”

“मग मी जाते,” तूदा म्हणाली.

*

माथ्यावर ऊन इतके स्थिर होते की राशीवरचे भूसही हलत नव्हते. पलीकडच्यांपैकी कुणीतरी मिठाची ओळ चपळाईने पालापाचोळ्याने झाकली होती आणि ते सगळे पुन्हा खळ्याच्या आत सरकले होते. तो करपलेला तूदाच्या उफणायच्या लाकडी दाताळ्यावर बसला होता. त्याने आपले नाव पुढे एकदा सांगितले, पण ते आमच्यापैकी कुणाच्या जिभेला वळले नाही. तूदाने त्याला त्या दिवशी ‘करप्या’ म्हटले आणि गावात तेच रूढ झाले.

“ऊठ,” ती म्हणाली.

करप्याने मान वर केली. त्याचे डोळे राखेखालच्या विस्तवासारखे होते.

“माझ्या दाताळ्यावर बसलायस.”

“मघापासून टोचतच होतं,” तो म्हणाला आणि किंचित कलंडला.

तूदाने दाताळे ओढून काढले. “टोचत होतं तर उठायचं! अंगात हाडं आहेत ना? का तीही हरलास?”

“आम्ही लढाई हरलोय, बाई.”

“मग मी जिंकले का? माझं खेचर गेलं. मीठ गेलं. आत्ता कोंबडी गेली. माझ्या नवऱ्यानं वाकून, सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं की तुम्ही नाहीच आहात! आणि तू, करप्या, एवढा डोंगराएवढा देह घेऊन दुसऱ्याच्या खळ्यावर बसून वारा ढोसतोयस. तो ढग बघ. बघ की तिकडे! तो फुटला की आम्ही वर्षभर काय खायचं? तुझी जांभई? लाज म्हणून काही वाटते का? धर! धर हे! उभं राहता येतं ना? उफण!”

आणि तिने दाताळे त्याच्या हातात कोंबले.

खालच्या चढावरून एक किंकाळी आली. मागोमाग चढत असलेल्या इज्जाने ते पाहिले होते. “अगं अवदसे! खाली ठेवायचं होतंस! जमिनीवर ठेवायचं!”

आमच्या खोऱ्यात राशीचा धनी दाताळे कधीही कुणाच्या हातात देत नाही. मदतीला सख्खा भाऊ आला तरी धनी दाताळे जमिनीवर ठेवतो आणि भाऊ ते आपण होऊन उचलतो. कारण धन्याने स्वहस्ते ज्याच्या हाती दाताळे दिले, तो त्या राशीचा वाटेकरी ठरतो. पाचवा हिस्सा त्याचा. आणि दिलेले दाताळे परत घेणाऱ्याच्या खळ्याकडे वारा पुन्हा फिरकत नाही. ही रीत किती जुनी आहे ते कुणी सांगू शकत नाही. ती मोडल्याचे मात्र कुणाला स्मरत नाही.

तूदाचा हात अजून पुढेच होता. तिने तो मागे घेतला आणि झग्याला पुसला.

“दिलंस,” करप्या म्हणाला. त्याने दाताळ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. “स्वतःच्या हातानं दिलंस. तुझ्या खापरपणज्याच्या आधीपासून मी ही खळी बघतोय. याचा अर्थ मला ठाऊक आहे.”

“मला काय ठाऊक नाही?” तूदा ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि त्याचा तिला अधिकच संताप आला. “दिलं तर दिलं! वाटा घ्यायचाय ना? मग आधी काम कर!”

करप्या उठला. उठताना त्याच्या पाठीचे करपलेले कातडे ताणले गेले आणि तो कण्हला. त्याने वळून आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत काही सांगितले. वाळक्या काटक्या मोडाव्यात तशी ती भाषा. कुणी हुज्जत घातली. एका वृद्धेने हात उडवले. आमच्या घरातल्यासारखेच ते सगळे चालले होते. अखेर कुरकुरत, एकमेकांना आधार देत, ते पश्चिमेचा काठ सोडून पूर्वेच्या उतारावर गेले. आता राशीत त्यांच्यातल्या एकाचा वाटा होता.

आणि दरीतून वारा आला. आधी तिवड्याला बांधलेला दोर हलला. मग तूदाच्या मानेवरचा घाम थंड झाला.

*

करप्याने पहिले दाताळे भरून उडवले ते पार घारीच्या उंचीवर. भूस आणि दाणा दोन्ही वाऱ्यावर स्वार होऊन पार पूर्वेच्या उतारावर गेले.

“दाणा आकाशात पेरायचाय का?” तूदा किंचाळली. “हळू! मनगटानं! पुरुषभर उंच, बस!”

“तलवार अशीच चालवतात,” तो म्हणाला.

“म्हणूनच हरलात!”

तोवर बास्सू एका काठीच्या आधाराने वर आला होता. त्याने आधी काही वेळ नुसतेच पाहिले. मग त्याला राहवले नाही. त्याने जमिनीवरचे दुसरे दाताळे स्वतः उचलले, वाऱ्याला आडवा उभा राहिला आणि एकदा उडवून दाखवले. भुसाचा सोनेरी पडदा बाजूला गेला आणि दाणा सरळ खाली, त्याच्या पायाशी पडला. करप्याने मान हलवली. तिसऱ्या-चौथ्या खेपेस त्याला ते जमले, आणि मग मात्र तो थांबेना. भूस त्याच्या अंगावरून उडत होते, पाठीच्या ओल्या जखमेला चिकटत होते. तो दात आवळी आणि पुन्हा दाताळे भरी. बास्सूची कंबर थोड्याच वेळात गेली. तूदाने त्याची जागा घेतली. तामू चाळणीवर बसली. कुणी काही बोलत नव्हते. बोलायला तोंडे उघडली की कुसळे आत जात.

पूर्वेच्या उतारावरून पलीकडच्यांतला एक तरुण हळूच सरकत आला आणि उरलेल्यांतले एक दाताळे आपल्याही हाती द्यावे म्हणून तूदापुढे हात पसरू लागला. इज्जाने ते पाहिले. सत्तरी उलटलेली ती स्त्री चपळाईने धावली आणि दोन्ही दाताळ्यांवर आडवी झाली.

“एकच वाटेकरी!” ती ओरडली. “आमच्यात एकच! पुढच्या वर्षी ये!”

तो तरुण ओशाळून परत गेला. इज्जा मात्र उफणणी संपेपर्यंत तशीच पडून राहिली आणि तिच्या बरगड्यांवर दांड्यांचे वळ उठले.

*

दाणा एकीकडे, भूस दुसरीकडे झाले तेव्हा अर्धे गाव माथ्यावर आले होते. मुखिया हद्दू सर्वांच्या पुढे होता. त्याने कंबरेवर हात ठेवून करप्याला नखशिखांत न्याहाळले, मग बास्सूला बाजूला घेतले.

“पाचवा वाटा? याला? अरे, गावाचं नाव काय राहील?”

“तूदानं दाताळं हातात दिलं.”

“बायकोला काही सांगत नाहीस का?”

“तू सांगून बघ,” बास्सू म्हणाला.

हद्दूने सांगून पाहिले नाही. त्याने आपल्या झोळीतून मिठाची पिशवी काढून दाखवली आणि डोळे मिचकावले. वाटा द्यायचा, त्यात मूठभर मीठ मिसळायचे. खारवलेला दाणा पलीकडच्यांना शिवता येत नाही. रीतही राहते आणि रासही राहते. सैतानाला फसवण्यात पाप नाही; उलट काही लोक ते पुण्यच मानतात.

मग मापणी सुरू झाली. राशीपुढे आम्ही मौन पाळतो. धान्य हे परमेश्वराच्या हातून थेट आलेले असते, आणि त्याचा आकडा उच्चारणे म्हणजे त्याच्या औदार्याची झडती घेणे होय. बास्सूने हातपाय धुतले, पूर्वेला तोंड केले, लाकडी माप राशीत बुडवले. कुणी खोकलेसुद्धा नाही. चार मापे घराच्या गोण्यांत, पाचवे करप्याच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर. करप्याही दाताळे छातीशी धरून स्तब्ध उभा होता. त्याच्या पाठीमागे, त्याला न दिसेल अशी, मिठाची पिशवी या हातातून त्या हातात सरकू लागली. हद्दूकडून त्याच्या मेव्हण्याकडे, मेव्हण्याकडून तामूकडे. तामूने ती हातात घेतली, घाबरून आईकडे पाहिले, आणि तिच्या हातात दिली.

सगळे गाव तूदाकडे पाहू लागले. बोलता कुणालाच येत नव्हते. हद्दू भुवयांनी खुणा करीत होता. इज्जा, बरगड्या दाबीत, करप्याच्या वाढणाऱ्या ढिगाकडे पाहत होती. तो ढीग म्हणजे कडक हिवाळ्यातल्या भाकरी होत्या, हे तिला मापाशिवाय कळत होते. तूदालाही कळत होते. तिने पिशवी उघडून आत बोट घातले, जिभेला लावले. चांगले, जाडे, खाणीतले मीठ होते.

तिने पिशवीचे तोंड आवळले आणि ती कमरेला बांधली. घरात मीठ नव्हते.

शेवटचे माप पडले, बास्सूने माप पालथे घातले, आणि मौन सुटताच हद्दू उसळला. “वेडी झालीस का? तो सैतान आहे!”

“उफणलं कुणी?” तूदा म्हणाली. “तू?”

“आम्ही आलो असतो की!”

“कधी? कोंब फुटल्यावर?”

“आणि माझं मीठ?”

“सरदाराला अळणी कोंबडी घातली म्हणून माझी बदनामी झालीये. आता मागू नकोस.”

हद्दूने आणखी काही म्हटले असते, पण तेवढ्यात काळ्या डोंगराकडून गडगडाट आला आणि सारे गाव, एकही गोणी उचलू न लागता, आपापल्या घरांकडे पांगले.

*

गाढव खाली-वर करीत राहिले. उतारावर त्याचे खूर घसरत होते; तामू पुढून ओढी, तूदा मागून गोणी रेटी, बास्सू दारात बसून गोण्यांची तोंडे उघडी आणि इज्जा दाणा कणगीत लोटी. शेवटची गोणी आत पडली तेव्हा पहिले थेंब अंगणात आपटले. मोठे, जड, धुळीला खड्डे पाडणारे. इज्जा भिंतीला टेकून खाली सरकली आणि परमेश्वराचे नाव घेऊ लागली. बास्सूने कणगीत हात घालून अंदाज घेतला.

“पालवीपर्यंत पुरेल,” तो म्हणाला. “मग पुन्हा पाला.”

“पुन्हा पाला,” तूदा म्हणाली. “यंदा मिठाचा तरी असेल.” आणि खळ्यावर विसरलेल्या चटया आणायला ती तशीच परत वर निघाली, कारण चटया वाहून गेल्या असत्या तर नव्या विणायच्या तिलाच होत्या.

माथ्यावर पोचेतो पावसाची झड लागली होती. पलीकडचे पूर्वेच्या कड्यातल्या कपारींत शिरले होते. तिथून त्यांचे डोळे तेवढे लुकलुकत होते. करप्या मात्र खळ्यावरच होता. तो दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवा होऊन आपल्या वाट्याच्या ढिगावर पसरला होता. पावसाचा प्रत्येक थेंब त्याच्या पाठीवर तापल्या तव्यावर पडल्यासारखा चर्र वाजत होता आणि त्याच्या अंगातून पांढरी वाफ उठत होती. ज्यांची घडण आगीची, त्यांना पाणी कसे लागत असेल ते आम्ही सांगू शकत नाही. तरी तो हलला नव्हता.

“अरे, पळ!” तूदा ओरडली. “कपारीत जा!”

“भिजतील.”

“मग खाऊन टाक! तुझ्या लोकांना बोलाव, मूठ मूठ वाटून घ्या, संपेल!”

“खायचे नाहीत.” तो दातांतून बोलत होता. “पेरायचेत.”

तूदा चटई हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळत होते.

“ओढ्यापलीकडचा उतार पडीक आहे,” करप्या म्हणाला. “दगडांचा. तो कुणाचा आहे का?”

तो कुणाचा नव्हता. तिथे शेळ्यादेखील चरायला जात नसत.

“म्हणजे तुम्ही जाणार नाही,” ती म्हणाली.

“कुठे जाणार?”

तिने त्या उताराकडे पाहिले. पावसात तो दिसतही नव्हता. पण तिला तिथले सगळे स्पष्ट दिसू लागले होते: बांधावरून भांडणे, यांची पोरे आमच्या अंजिरांवर, दरवर्षी खळ्यावर कुणी आधी उफणायचे याची कटकट, आणि हद्दूचे तोंड, जन्मभर.

“पेरतात कधी?” करप्याने विचारले.

“अरे देवा!” तूदा म्हणाली. “आणि बियाणं असं उघड्यावर ठेवतात होय रे? आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं? मी भाकरीचे जव समजून मोकळ्या जमिनीवर ओतू दिले! मूर्खा! बाजूला हो. नको, नको, हलू नकोस, भिजेल! तसाच थांब!”

तिने ओणवे होऊन त्याच्या छातीखाली चटई सरकवली, ढिगाच्या कडा आत लोटल्या, कमरेची मिठाची पिशवी सोडून दूर भिरकावली आणि दरीकडे तोंड करून हाक मारली. “तामूच्या बापा! गाढव परत वर आण! आणि रिकामी गोणी!”

“आता कशाला?” पावसातून बास्सूचा आवाज आला. “सगळं आलं की!”

“बियाणं राहिलंय!”

“कुणाचं बियाणं?”

“आण म्हटलं ना!”

खालून गाढवाचा, फार फार नाराज, ओरडा आला. गोणी आली तेव्हा करप्याने तिचे तोंड दोन्ही हातांनी फाकून धरले, पाठ पावसाकडे केली, आणि तूदा त्या वाफेत वाकून ओंजळी-ओंजळीने त्याचे जव भरीत, त्याला, त्याच्या राजाला आणि आमच्या सुलतानाला एकाच दमात शिव्या देत राहिली.